मायच्या शिव्यांचं रसग्रहण

माझ्या भावाच्या तिसऱ्या अल्बमची परीक्षणं मी स्वतःच्या हातानं छापली आहेत. लिहिली नाहीत, छापली. तेवढी अधोगती देवानं अजून माझ्यावर आणलेली नाही. नंदुरबारला कोर्टासमोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भाऊ पुण्याहून मोबाइलवर पाठवायचा आणि खाली लिहायचा, ताई, प्रिंट काढ, मायला वाचून दाखव. माझ्या दुकानात दिवसभर खोटंच छापलं जातं. प्रतिज्ञापत्रं येतात, एकमेकांवरून उतरवलेले प्रबंध येतात, जमिनीच्या भांडणातले अर्ज येतात. पण प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणारा निदान सही करताना घाबरतो. परीक्षण लिहिणाऱ्याला ती भीतीही नसते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

भावाचं आधी सांगते. इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला आणि गिटार घेऊन परत आला. फोक-रॉक म्हणतात ते तो करतो. स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो, मागे ड्रम वाजतात आणि मधूनच एखादी ओवी येते. पहिल्या दोन अल्बमांत माती, माती आणि मातीच होती. हा माणूस लहानपणी केळीच्या बागेत चप्पल घालून जायचा आणि पायाला चिखल लागला की माझ्या ओढणीला पुसायचा. पण पुण्याच्या जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतलं. याच्या गळ्यात खानदेशची जमीन बोलते, असं एकानं लिहिलं. मी ते छापलं, मायला वाचून दाखवलं. माय म्हणाली, "जमीन बोलस तर तिले इचार, औंदा कापूस काबं नही वना." कापूस का आला नाही, हा मायचा प्रश्न मी भावाला कळवला नाही.

मग त्याला अमेरिकेचं वारं लागलं. तिकडे म्हणे खेड्यातल्या गाण्यांचा एक प्रकार असतो, कंट्री. घोडे, दारू, सोडून गेलेली बायको आणि आगगाडी. तो ते दिवसभर कानात घालून बसायचा. एक दिवस मला फोन करून म्हणतो, "ताई, आपलंबी कंट्री म्युझिक शे. आपला घरमाच शे." घरात म्हणजे मायजवळ. आणि मायजवळचं गाणं म्हणजे आखाजीचं.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमचं गाव प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे, तापीच्या काठी. आमच्या आणि शेजारच्या गावाच्या मधे एक नाला आहे, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात. खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, कडुलिंबाला झोके बांधतात, पुरुष पत्ते कुटत बसतात. आणि संध्याकाळी गौराई घेऊन बायका नाल्यावर जातात. आमच्या बायका अलीकडच्या काठावर, त्यांच्या पलीकडच्या. मग शिव्या सुरू होतात. गाण्यातून, चालीत, टाळ्यांवर. तुझी सासू अशी, तुझा नवरा तसा, तुमच्या गावच्या भाकरीला कुत्रं हुंगत नाही. एका काठानं कडवं टाकायचं, दुसऱ्यानं लगेच त्याच्या वरचं कडवं परत द्यायचं. जुनं चालत नाही. यंदाचं कडवं यंदाच जुळवायचं. आणि नियम एकच, पण कडक. नाल्यावरचं नाल्यावर. तिथं जे बोललं ते घरी न्यायचं नाही. त्यावरून राग धरायचा नाही, आणि घरी जाऊन माफीही मागायची नाही. समोरून उत्तर आलं की सगळं फिटलं. आणि उत्तर आलं नाही तर ते कडवं टाकणाऱ्या बाईच्या पदरात तसंच राहतं.

आमच्या काठाची पुढारी माझी माय. समोरच्या काठाची पुढारी एक उंच, दणकट आवाजाची बाई. दोघी एकाच माहेरच्या, एकाच झोक्यावर वाढलेल्या. लग्न होऊन नाल्याच्या दोन बाजूंना पडल्या. वर्षभर एकमेकींच्या घरी जाणं नाही. शेती, गुरं, सासर, नातवंडं, कोण कुणाला सोडतंय? पण आखाजीच्या कडव्यात समोरच्या घरातलं बारीकसारीक आलंच पाहिजे. म्हैस आटली, जावयानं फटफटी घेतली, सासू न्हाणीत घसरली. म्हणजे वर्षभर कुणाकुणाला विचारून हे गोळा करायचं. मला लहानपणी वाटायचं या दोघींचं हाडवैर आहे. मोठी झाल्यावर कळलं की त्या एकमेकींची खुशाली विचारतात.

होळी झाली की माय कडवी जुळवायला लागते. भाकरी थापताना ओठ हलतात. बाप गेल्यापासून ती घरात फारशी बोलत नाही. वर्षभराचं बोलणं ती त्या एका संध्याकाळी बोलते. हे भावाला माहीत होतं. माहीत असून त्यानं जे केलं त्याला मी काय म्हणू?

त्या आखाजीला तो फोन घेऊन काठावर उभा राहिला आणि सगळं भरून घेतलं. मग आमच्या मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या बांधल्या, लग्नाच्या बॅन्डमधला बॅन्जोवाला आणला, मायला माइकसमोर बसवलं आणि म्हणाला, "माय, तेच कडवं म्हण. पण हळू म्हण." माय म्हणाली, शिवी हळू कशी देतात? पण पोटचं पोर. त्यानं हळू म्हण म्हटलं, ती हळू म्हणाली. त्यानं त्याखाली गिटार लावली, एकेक तार ओढून ओढून. मधे बासरी. तयार झाल्यावर सगळ्यांना बसवून ऐकवलं. मायनं डोक्यावरचा पदर सारखा करत शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "कोण मरनं रे?"

आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. पण बदललं काही नाही.

आता त्या कडव्याचं. मायनं त्या वर्षी समोरच्या बाईला टाकलं होतं, की तुझ्या हातची एक भाकरी खाऊन तुझी सून सुरतेच्या गाडीत बसेल. अंगणात दोन लिंब असलेलं घर, एवढी खूण त्यात होती. बाहेरच्याला काही कळणार नाही, पण दोन्ही गावांतल्या शेंबड्या पोरालाही कळतं ते घर कुणाचं. तेव्हा ती सून स्वतः पलीकडच्या काठावर उभी राहून खो खो हसत होती. सासूनं उलट आमच्या घरावर असं काही टाकलं की माझ्या काकूला उचकी लागली. फिटलं तिथंच.

पण दिवाळीच्या सुमाराला ती सून खरंच गेली. सुरतेकडे, माहेरी. का गेली ते त्यांच्या घरातलं, मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. मी लगेच भावाला फोन केला. म्हटलं, ते कडवं काढ. तो म्हणाला, "ताई, तेच तर सगळ्यात रॉ आहे." रॉ! कपाळ माझं. म्हटलं, अरे, त्या घरात चूल पेटत नसेल आज. तर म्हणे, अल्बम तयार झालाय, आता त्यातलं काही हलवता येत नाही. आणि अल्बमच्या कागदावर मायचं नाव कुठे? गीत, पारंपरिक. चाल, पारंपरिक. माझी माय जिवंत बसली आहे ओट्यावर आणि हा तिला परंपरा करून मोकळा.

अल्बम आला आणि पहिल्या झटक्यात जाणकारांनी त्याला आडवा केला. पहिल्यानं लिहिलं की एवढा धारदार गायक गावठी झाला, सगळा अल्बम लग्नाच्या बॅन्डसारखा वाजतो. मी मायला अहिराणीत समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग चांगलंच शे ना?" दुसऱ्यानं व्हिडिओ केला. अंगात महागातलं खादीचं जाकीट, मागे पुस्तकांची मांडणी, आणि बॅन्जो वाजला की तोंड असं करायचा जणू दुधात माशी पडली. तो म्हणाला की शहरातल्या माणसाला खेडं कवटाळायची ही फॅशन आहे. स्वतः कुठला? त्याची भाषा ऐकून मी पैज लावते, बाप धुळ्याचा असणार. तिसरी एक बाई होती. तिच्या मते इंग्रजी कंट्रीची नक्कल जमली नाही. गाढवाला गुळाची चव काय?

मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, पडला तर पडला, अल्बम मेला तर कडवंही मरेल, आखाजी येईपर्यंत लोक विसरतील. भाऊ मात्र घरी येऊन पडला. पांघरूण डोक्यावर, फोन पांघरुणात. तेच तेच वाचायचा. माय त्याच्या उशाशी दूध ठेवून जायची. मी म्हटलं, ज्यांना बाजरीची भाकरी आणि ज्वारीची भाकरी वेगळी ओळखता येत नाही त्यांच्यासाठी तू उपाशी राहतोस? तर चिडून म्हणाला, तुला कलेतलं काय कळतं, तू कागद छाप. मी छापत राहिले.

आणि मग आला तो मोठा परीक्षक. पांढरी दाढी, सगळे ज्याला घाबरतात असा. त्यानं लांबलचक लिहिलं. माझ्या मशीनमधून पानांवर पानं येत राहिली. त्याचं म्हणणं असं, की इतरांना हा अल्बम कळलाच नाही. ही गाणी म्हणजे नर्मदेच्या धरणात बुडालेल्या गावांचा आक्रोश आहे. तो वृद्ध स्त्रीस्वर विस्थापित आदिवासी मातेचा विलाप आहे, आणि ती भाकरी, जी खाऊन सून गाडीत बसते, ती म्हणजे हरवलेली भूमी. त्या धरणात आधी बुडालेल्या मणिबेली गावाचं नावही घातलं होतं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि एकटीच हसत बसले. मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे बाबा, नंदुरबार जिल्हा म्हटला की तुला एकच पान उघडता येतं का? कुठे मणिबेली, कुठे आम्ही! मधे अख्खा सातपुडा आडवा आहे. तिकडे जायला नाव लागते. तिथल्या बायकांची बोली वेगळी, देव वेगळे, गाणी वेगळी. ज्यांचं खरंच बुडालं त्यांच्या दारात जाऊन त्यांचं गाणं ऐकायला तू कधी नावेत बसलास? तर नाही. सोफ्यावर बसून तापीकाठच्या एका खात्यापित्या घरच्या म्हातारीच्या शिव्या ऐकल्यास आणि दुसऱ्याचं दुःख तिच्या गळ्यात घातलंस. त्यांचाही अपमान, आमचाही. मी घरी जाऊन मायला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "कोणतं गाव बुडनं?" मी सांगितलं. ती दारातून बाहेर बघून, गाव जागच्या जागी आहे याची खात्री करून म्हणाली, "आपलं गाव ते आठेच शे."

भावानं या माणसाची चूक दुरुस्त करायला हवी होती की नको? एक ओळ लिहायची, दादा, आम्ही ते नव्हे. पण हा पांघरुणातून उठला, अंघोळ केली, आणि ते परीक्षण हात जोडल्याचं चित्र लावून सगळीकडे पाठवत सुटला. दोन दिवसांपूर्वी ज्यांनी शिव्या घातल्या होत्या ते सगळे जाणकार पलटले. खादीच्या जाकिटानं नवा व्हिडिओ केला. यावेळी बॅन्जो वाजला की त्याचे डोळे भरून येत होते. आधीचा व्हिडिओ गुपचूप काढून टाकला, लबाड. भावाला कार्यक्रमाची बोलावणी येऊ लागली. आणि अल्बम मरायचा राहिला, उलट गावोगाव पोचला. आमच्या आणि समोरच्या गावात तर प्रत्येक फोनमध्ये तेच. पानटपरीवर तेच, ट्रॅक्टरवर तेच. दोन लिंबांच्या घरासमोरून जाताना पोरं मुद्दाम आवाज वाढवत. त्या बाईनं दार लावून घ्यायला सुरुवात केली, असं कानावर आलं.

मायला हे कळल्यावर तिचं जेवण कमी झालं. तिकडे जाऊन दोन शब्द बोलून ये म्हटलं, तर म्हणाली नियम मोडता येत नाही. काठावरचं काठावरच फिटतं. आणि मग फाल्गुनात समोरच्या गावातून निरोप आला. औंदा आम्ही गौराई नेऊ, पण उत्तर देणार नाही. जे गाणं बाजारात गेलं त्याला काठावर जागा नाही.

त्या थंडीत मायच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी नंदुरबारला करून आणलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती, तिकडे कळलं तर कडवं होईल. त्यामुळे घरच्यांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा ती फक्त घरातच लावायची, होळीनंतर तो लावून चुलीपाशी बसायची, पण ओठ हलत नव्हते. मी विचारलं, यंदा काय टाकणार? ती म्हणाली, "कोणले टाकू?"

आखाजीला भाऊ आला. मोठा माणूस झालेला. त्याच्याबरोबर माहितीपट काढणारे काहीजणही येणार होते, ते मी बसस्टँडवरूनच परतवले. कसे ते विचारू नका, माझी जीभ मायची आहे.

संध्याकाळी काठावर गेलो. पलीकडे बायका आल्या होत्या, सगळ्या, आणि मधोमध ती. तोंड घट्ट मिटलेलं. आमच्या बायकांनी टाळ्या धरल्या. मायनं एक साधं, जुन्या वळणाचं कडवं टाकलं, हात जोडल्यासारखं. पलीकडून काही नाही. उतरत्या उन्हात नाल्यातले गोटे तेवढे चमकत होते. मायनं दुसरं टाकलं. काही नाही. आमच्या टाळ्या विरळ झाल्या. माझी माय एवढ्या बायकांत अशी उघडी पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

तेव्हा पलीकडच्या एका मुलीनं डब्याएवढा स्पीकर उचलून डोक्यावर धरला आणि फोनवर बोट दाबलं. गिटार वाजली, एकेक तार. मग बासरी. मग मायचा आवाज, तेच कडवं, हळू, नाल्यावरून आमच्याकडे यायला लागलं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आमचंच आम्हाला परत केलं होतं.

भावाचं तोंड पाहण्यासारखं झालं. सगळ्या महाराष्ट्रातल्या जाणकारांनी मिळून त्याचं जे परीक्षण करायला हवं होतं ते त्या एका मुलीनं केलं. पण मी मायकडे बघत होते. तिनं मान वाकडी करून थोडं ऐकलं आणि मला म्हणाली, "दख, मन्हाच आवाज मालेच शिव्या दी ऱ्हायना."

आणि पदर खोचून ती पुढे सरली, पार नाल्याच्या कडेला. स्पीकरमधलं कडवं संपताच तिनं उत्तर टाकलं. आपल्याच कडव्याला. पलीकडच्या काठाच्या बाजूनं. तिनं स्वतःचं घर असं काही सोललं की बोलता सोय नाही. हिचं पोर पुण्याला जाऊन एवढं मोठं झालं की आईच्या शिव्या विकतं, आणि घेणारे एवढे शहाणे की शिव्या ऐकून रडतात. हा गाभा झाला. शब्द याहून फार वाईट होते. आणि चाल जलद, अशी की गिटारवाल्याच्या बापाला पकडता येऊ नये.

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. ती उंच बाई मात्र तशीच उभी. मायनं शेवटची ओळ पुन्हा म्हटली. भावाचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं आणि नखं रुतवली. तो ओरडला नाही, शहाणा झाला म्हणायचं.

मग त्या बाईनं मुलीच्या हातातला स्पीकर बंद केला. पदर खोचला. आणि पलीकडून तो दणकट आवाज आला, वर्षभर कोंडलेला. तिनं आमच्या घराचं काही ठेवलं नाही. भावाला तर असा धुतला की आमच्याच बायका टाळ्या विसरून हसत खाली बसल्या. मग तिनं मायकडे वळून एक कडवं टाकलं. की आंधळी म्हातारी काळा चष्मा लावून नवरी बनून फिरते, नंदुरबारच्या डॉक्टरनं हिचा डोळा उघडला, आता अक्कल कोण उघडणार?

मायनं टाळी वाजवली आणि तिच्या वरचं कडवं परत दिलं.

अंधार पडेपर्यंत चाललं. घरी येताना भाऊ हळूच विचारत होता, माय, तुझं ते पहिलं उत्तर काय होतं गं? माय म्हणाली, "कोणतं?" मग त्यानं मला विचारलं. मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. त्याला सांगितलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. जाणकारांना रडायचं असेल तर त्यांनी आपापल्या आईकडून शिव्या घ्याव्यात.

घरी मी मायच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायला बसले. तिनं मान मागे टाकली होती, डोळा मिटत नव्हता, हसू आवरत नव्हतं.

"दखं?" ती म्हणाली. "तिले मन्हा डोयानंबी माहीत शे."